सुमदोचं एक्लोजाइट: समुद्रतळाचं की आपल्याच खंडाचं?

दुसरं_वर्ष_भूशास्त्र

नमस्कार. मी पुण्यात भूशास्त्रात एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. यंदा जूनमध्ये आमची सहल लडाखला गेली होती. उपशी, चुमाथांग, माहे पूल, मग सुमदो आणि पुगा. सुमदोहून पोलोकोंगका खिंडीकडे जाताना फिकट नाइसमध्ये (पट्ट्यापट्ट्यांच्या रूपांतरित खडकात) काळसर भिंगाच्या आकाराचे खडक अडकलेले दिसले. त्यातला एक ओंजळीएवढा तुकडा आत्ता माझ्या टेबलावर आहे. वजनाला इतका जड की पहिल्यांदा उचलताना हात खाली गेला. तुटलेल्या बाजूला डाळिंबाच्या दाण्यासारखे लाल गार्नेट आणि मध्ये मध्ये गवती हिरवं ओम्फॅसाइट, ही एक्लोजाइटची दोन मुख्य खनिजं. कडेला मात्र सगळं काळपट हिरवं आणि चकचकीत अभ्रक.

आम्ही पहिल्या वर्षापासून पेपरात लिहीत आलो आहोत की एक्लोजाइट म्हणजे सबडक्शनमध्ये, म्हणजे एक भूपट्ट दुसऱ्याखाली सरकताना, खोल गेलेलं महासागरी कवच. मला वाटलं, भारत आणि आशिया यांच्यामधल्या नाहीशा झालेल्या टेथिस समुद्राचा तळ हातात आला. रात्री झोप लागली नाही, खरंच सांगतो. दुसऱ्या दिवशी सर त्याच खडकाजवळ उभे राहून म्हणाले, "हा दगड समुद्रतळ कधीच नव्हता." पुढचं ऐकायच्या आत गाडी सुटायची वेळ झाली, आणि परत आल्यावर सर रजेवर गेले.

कॉलेजात एक्सआरएफवर (क्ष-किरणांनी खडकातले घटक मोजणाऱ्या यंत्रावर) करून पाहिलं. सिलिका ४८ टक्क्यांच्या आसपास, लोह भरपूर, म्हणजे सरळ बेसॉल्ट. पण पर्वतीवरचा दगडही बेसॉल्टच आणि हिंदी महासागराच्या तळाचाही बेसॉल्टच. इतका दाबला, तापला, खनिजं सगळी नवी झाली, मग मूळ कुठलं हे कळतं कशावरून? पोटॅशियम थोडं जास्त आलंय, ते बघून ठरवता येईल का?

लाल_हिरवा_दगड

तुझा प्रश्न वाचला आणि हातातलं काम बाजूला ठेवलं. याच खडकांवर माझी पीएचडीची पाच वर्षं गेली आहेत.

आधी एक गाठ सोडवू. "एक्लोजाइट" हे नाव खडक किती खोल गेला होता ते सांगतं, जन्म कुठे झाला ते सांगत नाही. कुठलाही बेसॉल्ट किंवा गॅब्रो (बेसॉल्टचाच, पण खोलवर सावकाश थिजलेला भाऊ) पुरेसा खोल नेला की त्यातलं प्लॅजिओक्लेज हे खनिज टिकत नाही. त्याचं सोडियम ओम्फॅसाइटमध्ये जातं, कॅल्शियम आणि ॲल्युमिनियम बरंचसं गार्नेटमध्ये जातं, आणि ३ च्या आसपास घनता असलेला खडक ३.४, ३.५ पर्यंत पोचतो. तुझा हात खाली गेला तो यामुळे. त्सो मोरारीच्या (तुझं सुमदो याच पट्ट्यात येतं) गार्नेटमध्ये तर कोएसाइट, म्हणजे प्रचंड दाबाखाली होणारं क्वार्ट्झचं रूप, सापडलंय. डेहराडूनच्या वाडिया संस्थेच्या लोकांनी २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच ते दाखवून दिलं. कोएसाइट म्हणजे २.७ गिगापास्कलच्या वरचा दाब, म्हणजे जवळजवळ ९० ते १०० किलोमीटर खोली. पातळ कापात बघशील तर गार्नेटच्या पोटात इवलासा उठावदार कण, त्याच्याभोवती क्वार्ट्झची झालर, आणि तिथून गार्नेटमध्ये चहूबाजूंना फुटलेल्या भेगा. वर येताना दाब कमी झाला, कोएसाइटचं क्वार्ट्झ होऊ लागलं, ते फुगलं, आणि त्याने गार्नेट तडकवलं. मी तो कण पहिल्यांदा पाहिला तेव्हा मायक्रोस्कोपवरून उठवेना.

म्हणून खोलीबद्दल शंका नको. पण उद्या आपलं दख्खनचं पठार कोणी १०० किलोमीटर खाली नेलं, तर महाबळेश्वरचेही असेच लाल-हिरवे दगड होतील, आणि महाबळेश्वर काही समुद्रतळ नाही.

आता पोटॅशियम. त्याच्यावर विसंबू नकोस. पोटॅशियम, सोडियम, रुबिडियम, बेरियम, स्ट्रॉन्शियम, युरेनियम ही सगळी पाण्याबरोबर हिंडणारी मंडळी. समुद्रतळावर बेसॉल्ट थंड होतो तेव्हा खारं पाणी त्याच्या भेगांतून फिरतं, आणि खडक पाण्यातून पोटॅशियम, रुबिडियम, युरेनियम घेतो. मग सबडक्शनमध्ये तापला की पाणी सोडतो, आणि त्या पाण्याबरोबर यातलं पुष्कळ निघून जातं. तेच पुढे वरच्या ज्वालामुखींत उगवतं. वर येताना शेजारच्या नाइसमधून पुन्हा पाणी शिरतं आणि पोटॅशियम परत येतं. तुझ्या दगडाच्या कडेचं अभ्रक बघ, ते याचंच चिन्ह असणार. म्हणजे पोटॅशियम प्रवासाची हकिगत सांगेल, गावाचं नाव सांगणार नाही.

गाव विचारायचं ते टायटॅनियम, झिर्कोनियम, हाफ्नियम, नायोबियम, टँटॅलम, इट्रियम, थोरियम आणि रेअर अर्थ मूलद्रव्यांना (लँथॅनमपासून ल्युटेशियमपर्यंतची रांग; सुरुवातीची हलकी, शेवटची जड). त्यांच्या आयनांवर आकाराच्या मानाने विद्युतभार जास्त असतो, म्हणून नुसत्या पाण्यात ती सहसा विरघळत नाहीत. खडकाची खनिजं बदलली तरी ती आतल्या आत नवं घर शोधतात: टायटॅनियम आणि नायोबियम रुटाइलमध्ये, झिर्कोनियम झिर्कॉनमध्ये, इट्रियम आणि जड रेअर अर्थ गार्नेटमध्ये, हलके रेअर अर्थ आणि थोरियम बहुतेक एपिडोट गटात. घर बदलतं, पण गावातली लोकसंख्या तीच राहते. पिअर्स आणि कॅन यांनी १९७३ मध्ये टायटॅनियम-झिर्कोनियम-इट्रियमचा त्रिकोण मांडला तो याच भरवशावर.

मध्य-महासागरी पर्वतरांगेवरचा साधा बेसॉल्ट घे, ज्याला आपण एन-मॉर्ब म्हणतो. त्याखालच्या प्रावरणातून (कवचाखालच्या जाड थरातून) आधीच एकदा सारं काढून घेतलेलं असतं, त्यामुळे हलके रेअर अर्थ कमी आणि आलेख (डावीकडे हलके, उजवीकडे जड) डाव्या बाजूला उतरलेला. नायोबियम २.३ पीपीएमच्या (दहा लाखांत २.३ भाग) आसपास, थोरियम फक्त ०.१२. थोरियम भागिले नायोबियम हे गुणोत्तर ०.०५. हवाई वगैरे महासागरी बेटांच्या बेसॉल्टमध्ये दोन्ही कितीतरी पटींनी जास्त असतात, तरी गुणोत्तर ०.१ च्या आतच राहतं. खंडाच्या वरच्या कवचात मात्र थोरियम १० पीपीएमच्या वर आणि नायोबियम १२ च्या आसपास, म्हणजे गुणोत्तर ०.९ च्या जवळ. बेसॉल्टचा रस खंडाचं कवच भेदून वर येताना त्यातलं थोडंसं जरी वितळवून पोटात घेतलं, तरी हे गुणोत्तर लगेच चढतं. गव्हाच्या पिठात चमचाभर हळद पडावी तसं, वजनात कळत नाही पण रंगात कळतं.

त्सो मोरारीच्या एक्लोजाइटांत हलके रेअर अर्थ भरपूर असतात, एन-मॉर्बसारखा उतार दिसत नाही. सगळा तोंडवळा जुळतो तो काश्मीर-झंस्कारकडच्या पंजाल ट्रॅप या लाव्हाच्या थरांशी. पंजाल ट्रॅप सुमारे २८.९ कोटी वर्षांपूर्वीचे, पर्मियन काळातले. भारत ज्याचा भाग होता त्या गोंडवन महाखंडाची उत्तर कड फाटत होती आणि नवा टेथिस उघडायच्या बेतात होता, तेव्हा त्या फाटीतून खंडावर आलेला हा बेसॉल्ट. दख्खनचा वडीलधारा भाऊ म्हण हवं तर. तोच थर, किंवा त्याच्या खालच्या नळ्या, भारताच्या कडेबरोबर ५ कोटी वर्षांच्या आसपास आशियाखाली ओढल्या गेल्या. आपल्या पुणे विद्यापीठातल्या संशोधकांनीही या एक्लोजाइटांच्या ट्रेस मूलद्रव्यांवर काम प्रसिद्ध केलं आहे, विभागात विचार, कोणीतरी काढून देईल.

आता माझी एक चूक सांगते, कारण तू नमुना कुठे ना कुठे पाठवणारच. माझे पहिले बारा नमुने मी एका प्रयोगशाळेत दिले. तिथे टेफ्लॉनच्या उघड्या बीकरमध्ये हायड्रोफ्लोरिक आणि नायट्रिक आम्लात विरघळवून आयसीपी-एमएसवर (द्रावणातली मूलद्रव्यं मोजणाऱ्या यंत्रावर) चढवले. आकडे आले, त्यात जड रेअर अर्थ खूपच कमी. डावीकडून उजवीकडे असा तीव्र उतार की महासागरी बेटाचा बेसॉल्टच वाटावा. मी अख्खं प्रकरण लिहिलं: टेथिसमधला बुडालेला सागरी डोंगर, तो सबडक्शनमध्ये गेला वगैरे. चार महिने त्यावर घातले. मग माझ्या मार्गदर्शक बाईंनी एकच प्रश्न विचारला, "बीकरच्या तळाशी काय उरलं होतं?"

मी जाऊन पाहिलं. राखून ठेवलेल्या एका बीकरच्या तळाशी चिमूटभर गुलाबी भुकटी होती. गार्नेट! ते विरघळलंच नव्हतं. जड रेअर अर्थ त्याच्या पोटात, आणि मी ते मोजलेच नव्हते. झिर्कॉनही आम्लाला दाद देत नाही, म्हणून झिर्कोनियमही कमी आलं होतं. पुढे तेच नमुने लिथियम मेटाबोरेटबरोबर वितळवून पुन्हा केले, तेव्हा उजवी बाजू वर आली आणि माझा सागरी डोंगर नाहीसा झाला. खूप रडले तेव्हा. पण त्या दिवसापासून कुणाचाही एक्लोजाइटचा आलेख पाहिला की मी आधी खालची ओळ वाचते, विरघळवलं कसं होतं ते.

हातोडा_आणि_भिंग

ताईंनी छान समजावलंय. मी निवृत्त आहे, सर्वेक्षणात आयुष्य गेलं, त्यातले बरेच उन्हाळे लडाखमध्ये. मला रसायनापेक्षा शेजारपाजार आधी दिसतो.

बाळा, समुद्रतळ एकटा कधी सापडत नाही. त्याचा कुटुंबकबिला असतो: सर्पेंटिनाइट (पाणी मुरलेला प्रावरणाचा खडक), गॅब्रो, डाइकांचे म्हणजे भेगांत थिजलेल्या उभ्या भिंतींचे गठ्ठे, पिलो लाव्हा (पाण्यात थिजून उशांसारखा झालेला), आणि वर रेडिओलेरियन चर्ट, म्हणजे सूक्ष्म जीवांच्या सिलिकाच्या सांगाड्यांचा खडक. तुझ्या दगडाचे शेजारी आठव. तू ज्या फिकट नाइसवर उभा होतास तो मूळचा ग्रॅनाइट आहे, पोलोकोंगका खिंडीतला तोच ग्रॅनाइट फारसा न चेपलेला दिसतो. वय सुमारे ४७.९ कोटी वर्षं. आजूबाजूला अभ्रकाचे शिस्ट, थोडा संगमरवर. हे सगळं भारताच्या कडेचं घर आहे. त्या घरात बसलेला काळा दगड पाहुणा असेलही, पण आधी घरातलाच समजायचा आणि मग तपासायचं.

समुद्रतळ पाहायचा तर तिथून उत्तरेला, सिंधूकडे सरकायचं. झिलदात मेलांज (तऱ्हेतऱ्हेच्या खडकांची कालवाकालव झालेला पट्टा) आणि त्याच्या पलीकडे निदर. निदर गावाच्या बाजूला गॅब्रो, खाली पेरिडोटाइट (प्रावरणाचा खडक), वर लाव्हा आणि तांबूस चर्ट. १९८० च्या दशकात आम्ही तिथे तंबू टाकून राहायचो. संध्याकाळी चर्टच्या तुकड्यावर पाणी टाकून दहापटीच्या भिंगाने पाहिलं की मोहरीहून बारीक गोल ठिपके दिसायचे, रेडिओलेरिया. खोल समुद्रात वरून पाऊस पडावा तसे पडलेले जीव, आणि आम्ही ४,५०० मीटरवर थंडीने कुडकुडत ते बघतोय. ते पाहिल्यावर कुठल्या यंत्राला विचारायची गरज वाटत नसे.

रूपांतर झालेला समुद्रतळ हवा असेल तर कारगिलहून लेहला येताना मुलबेखच्या अलीकडे शेरगोल लागतं. तिथल्या आणि सापीच्या मेलांजमध्ये ब्लूशिस्ट आहे, ग्लॉकोफेन या निळ्या खनिजाचा. निळाशार असेल अशी कल्पना करू नको, ओल्या पाटीचा रंग असतो. तो समुद्राचा आहे, आणि तिथे चर्टही सोबत आहे.

एक मात्र ताईंना विचारतो. थोरियम वाढलं म्हणजे खंड, असं सरळ म्हणता येत नाही ना? निदरलाही ते दिसतं असं ऐकलंय.

लाल_हिरवा_दगड

काका, बरोबर पकडलंत. निदर साध्या मध्य-महासागरी रांगेचा तुकडा नाही, त्यावर समुद्रातल्याच ज्वालामुखी कमानीची छाप आहे. कमानीखालच्या प्रावरणात, खाली जाणाऱ्या प्लेटवरच्या गाळातून थोरियम आधीच मिसळलेलं असतं. त्यामुळे समुद्रात जन्मूनही थोरियम-नायोबियमचं गुणोत्तर चढतं. थोरियम एवढंच सांगतं की कुठेतरी खंडाचा माल मिसळलाय. तो कवचातून वर येताना मिसळला की प्रावरणातच, हे ते सांगत नाही. तिथे तुमचे शेजारी लागतातच, आणि निओडिमियमचे समस्थानिक, आणि झिर्कॉनचं वय.

दुसरं_वर्ष_भूशास्त्र

ताई, काका, दोघांचेही आभार. शेरगोलला आमची गाडी चहाला थांबली होती, आणि मी फक्त गोंपाचे फोटो काढले. फार हळहळ वाटतेय.

एक शंका राहते. जर इतकं प्रसिद्ध एक्लोजाइट खंडाचं निघालं, तर पुस्तकातलं वाक्य चुकीचंच म्हणायचं का? खरंखुरं समुद्रतळाचं एक्लोजाइट कुठे आहे का, ज्याबद्दल कोणी वाद घालत नाही?

मस्कतहून

मी खनिज कंपनीत आहे, ओमानला चौदा वर्षं झाली. तुमच्या सुमदोची जुळी गोष्ट इथे आहे म्हणून लिहितो.

मस्कतच्या आग्नेयेला अस सिफा नावाचा समुद्रकिनारा आहे. मुलं पाण्यात खेळतात आणि मी किनाऱ्यावरच्या एक्लोजाइटवर बसतो. चुन्याच्या शिस्टमध्ये काळे पट्टे, त्यात वाटाण्याएवढे गार्नेट, लाटांनी घासून गुळगुळीत झालेले. नवा माणूस आला की म्हणतो, वर एवढं मोठं समाइल ऑफिओलाइट (जमिनीवर चढलेला समुद्रतळाचा तुकडा) आहे, तर खालचं एक्लोजाइट त्याचाच बुडालेला भाग असणार. मीही पहिली दोन वर्षं तसंच धरून चाललो होतो. पण ते ऑफिओलाइटचं नाही. अरबस्तानच्या खंडाची कड ऑफिओलाइटखाली ओढली गेली, त्या कडेतले जुने बेसॉल्ट ७.९ कोटी वर्षांच्या सुमारास एक्लोजाइट झाले. ऑफिओलाइट स्वतः ९.६ कोटींच्या आसपासचं.

रूपांतर झालेलं खरं महासागरी कवच इथे आहे, पण ते ऑफिओलाइटच्या तळव्याला चिकटलेलं आहे. त्याला मेटॅमॉर्फिक सोल म्हणतात. जाडी फार तर काही शे मीटर. अगदी वर, पेरिडोटाइटला लागून, गार्नेटवाला ॲम्फिबोलाइट (बेसॉल्टपासून झालेला काळपट रूपांतरित खडक), तिथे तापमान ८०० अंशांच्या आसपास गेलेलं. जसं खाली उतरावं तसं थंड होत जातं, हिरवे शिस्ट लागतात, मधून मधून क्वार्ट्झाइटचे पट्टे जे मूळचे चर्ट. एरवी खाली जावं तसं तापमान वाढतं, इथे उलट. इस्त्री वरून फिरवल्यासारखं. पहिल्यांदा ती वाडी (इथे कोरड्या नदीच्या दरीला म्हणतात) चढताना मला दिशाच कळेना, नकाशा दोनदा उलटा धरला. आखातात नोकरीला कोणी नातलग असेल तर हिवाळ्यात ये, मी दोन्ही दाखवतो.

लाल_हिरवा_दगड

वाक्य पूर्ण चुकीचं नाही, अर्धं आहे. समुद्रतळाची एक्लोजाइट आहेत आणि पुष्कळ आहेत. आल्प्समध्ये झरमॅट-सासचा पट्टा त्यातला सर्वांत सुंदर. मी तिथे एकदाच गेले. झरमॅटच्या वरच्या उतारांवर पिलो लाव्हाचे आकार अजून ओळखू येतात: उशीचं पोट एक्लोजाइटचं, लाल गार्नेटने भरलेलं, आणि उशीच्या कडा ग्लॉकोफेनने निळसर झालेल्या. कडा आणि पोट यांची खनिजं वेगळी, कारण समुद्राचं पाणी कडेला जास्त मुरलं होतं. म्हणजे लाव्हा पाण्यात ओतला गेला त्या दिवसाची खूण सबडक्शनमध्ये जाऊनही पुसली गेली नाही. शेजारच्या इटलीच्या बाजूला लागो दि चिन्याना इथे मँगनीजवाल्या गाळाच्या खडकात कोएसाइट आहे, १९९१ साली प्रसिद्ध झालं. खोल समुद्रातल्या मँगनीजच्या थराच्या गार्नेटमध्ये कोएसाइट! तिथे रसायन, शेजार आणि आकार, तिघंही एकच बोलतात, म्हणून वाद नाही.

त्सो मोरारीत आकार उरलेला नाही, सगळं ताणून भिंगांसारखं झालंय. म्हणून तिथे रसायनावर भार येतो आणि म्हणूनच रसायन काळजीने करावं लागतं. तुझ्या दगडाला करवत लाव. मधोमध काप, कडेचा काळपट हिरवा आणि अभ्रकाचा भाग काढून टाक, फक्त पोट घे. गार्नेट मोठे आहेत, म्हणून ५० ग्रॅम देऊन चालणार नाही, एखादा दाणा इकडेतिकडे झाला तरी इट्रियम बदलतं. आणि दळायला टंगस्टन कार्बाइडचं भांडं वापरू देऊ नकोस. त्यातून टँटॅलम आणि कोबाल्ट उतरतात, थोडं नायोबियमही, आणि आपल्याला नेमकं तेच मोजायचं आहे.

दुसरं_वर्ष_भूशास्त्र

ताई, आज कापला. करवतीचं पाणी आधी काळं आलं, मग गुलाबी. कडेची दीड सेंटिमीटरची साल सगळी ॲम्फिबोल आणि अभ्रक. आत एकदम स्वच्छ लाल-हिरवं, आणि भिंगाखाली गार्नेटच्या गाभ्यात बारीक काळे ठिपके, कडा मात्र साफ. रुटाइलचे तांबूस दाणेही दिसले. साल काढून पोट ७०० ग्रॅम भरलं. एवढं पुरेल का? आमच्या विभागात अगेटचं खलबत्त्याचं यंत्र आहे, पण ते वापरायला दोन आठवड्यांची रांग आहे.

लाल_हिरवा_दगड

७०० ग्रॅम पुरेल. त्यातलं १०० बाजूला ठेव, झिर्कॉन शोधायचे असतील तर ते लागतील. बेसॉल्टात झिर्कॉन कमीच असतात, पण मिळाला तर गाभ्यात पंजाल ट्रॅपचं वय आणि कडेला रूपांतराचं वय असं एकाच दाण्यात दोन्ही सापडू शकतं. रांगेत थांब. आणि पाठवताना चिठ्ठीवर ठळक लिही: गार्नेट आहे, वितळवूनच करावे.

हातोडा_आणि_भिंग

उरलेल्या अर्ध्या भागावर ठिकाण, तारीख आणि उत्तरेची खूण रंगाने लिहून ठेव, बाळा. शेरगोलला पुढच्या वर्षी जा.